चौक एक, वापर दोन : नाशिकमधील एका मराठी-मल्याळी घराच्या आराखड्याचे प्रकरण

पार्श्वभूमी

या प्रकरणातील घर नाशिकमध्ये मखमलाबादच्या बाजूला आहे. भूखंड 60 × 60 फुटांचा, म्हणजे 3,600 चौरस फुटांचा, रस्ता पश्चिमेला, वर काळी माती आणि तिच्याखाली मुरूम. राज्याच्या 2020 च्या एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीप्रमाणे चारही बाजूंची सामासिक अंतरे सोडल्यावर बांधकामासाठी साधारण 43 × 45 फुटांची जागा हाती उरत होती. घरातील माणसांची ओळख पटू नये म्हणून नावे गाळली आहेत आणि ती एकमेकांना ज्या नात्याने हाक मारतात त्याच नात्याने त्यांचा उल्लेख केला आहे.

पती जुन्या नाशकातले, रविवार कारंजाजवळच्या एका वाड्यात लहानाचे मोठे झालेले आणि आता अंबडच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला असलेले. त्यांच्या आई, म्हणजे घरातील आजी, सत्तरी ओलांडलेल्या, शाकाहारी आणि गुडघेदुखीने त्रस्त आहेत. पत्नी मल्याळी आहेत, परंतु त्यांचा जन्म आणि शाळा ओझरची. 1964 मध्ये ओझरला विमान कारखाना उभा राहिल्यावर केरळातून जी माणसे नोकरीसाठी आली त्यांच्यापैकी त्यांचे वडील. घरात सर्व जण त्यांना अच्छन आणि पत्नीच्या आईला अम्मा म्हणतात. निवृत्तीनंतर हे दोघे नाशकातच एका सदनिकेत राहिले होते आणि नव्या घरात पुढे कायमचे राहायला येणार हे सुरुवातीपासून ठरलेले होते. अच्छनचे मराठी इतके पक्के आहे की बांधकामावरचे गवंडी त्यांना नगर जिल्ह्याकडचे समजत.

दोन्ही बाजूंनी एकेक घर नुकतेच हातचे गेले होते. आजींच्या वाड्याला पावसाळ्याआधी धोकादायक इमारतीची नोटीस आली, भाऊबंदांनी तो विकला आणि आपल्या खणांतले सागवानी लाकूड तेवढे या कुटुंबाने मागून घेतले. अम्मांचे तरवाड, म्हणजे आईकडून चालत आलेले मूळ घर, पालघाट जिल्ह्यात ओट्टपालमजवळ होते. 1975 च्या कायद्याने केरळातील एकत्र कुटुंबपद्धती संपल्यानंतर त्या घराच्या वाटण्या झाल्या, पुढे ते उतरवले गेले आणि त्याचे लाकूड पांगले. या कुटुंबाकडे तिथून आले ते फक्त पितळेचे निलविळक्कु, म्हणजे उभी समई, आणि एक मोठी उरुळी, म्हणजे स्वयंपाकाचे पसरट भांडे. त्यामुळे नवे घर बांधायचे ठरले तेव्हा त्यात दोन्ही घरे यावीत अशी अपेक्षा कोणी मुद्दाम बोलून दाखवण्याआधीच सर्वांच्या मनात होती.

प्रश्न नेमका कुठे होता

पहिल्या बैठकीत सर्वांनी मान्य केलेली गोष्ट म्हणजे मध्यभागी चौक. वाड्याला चौक असतो, केरळातील नालुकेट्टुलाही, म्हणजे चौसोपी घरालाही, मध्ये नडुमुट्टम, म्हणजे उघडे अंगण, असते. दोन्हीकडे भोवती चार बाजूंना खोल्या, दोन्हीकडे वर आकाश. वास्तुरचनाकाराने 12 × 12 फुटांचा चौक मध्ये धरून पहिला आराखडा काढला, त्याला दोन्ही घरांनी लगेच होकार दिला आणि या घरात दोन परंपरा जुळवणे फार अवघड जाणार नाही असे सर्वांना वाटले.

मतभेद उघड झाला तो पुठ्ठ्याचे मॉडेल समोर आल्यावर. मॉडेलमध्ये चौक दीड फूट खोल होता, चारही बाजूंची कौले त्याच्यात उतरत होती आणि मध्ये फक्त तुळस होती. पत्नीला हवे ते तंतोतंत मिळाले होते. आजींनी मात्र बोट ठेवून विचारले, "यात उतरायचं कुठून?" उतरायचे नसते, भोवतीने फिरायचे असते, पाऊस मध्ये पडू द्यायचा असतो, असे अच्छननी समजावल्यावर त्या म्हणाल्या, "पायच ठेवायचा नसेल तर एवढी जागा अडवायची कशाला?"

ही कुरबूर नव्हती. आजींच्या वाड्यात चौक ही घरातील सर्वांत कामाची जागा होती. धुणे, वाळवणे, कुरडया-पापड, पाणी तापवायचा बंब, लग्नाचा मांडव, आणि वाड्यातल्या बिऱ्हाडांची दिवसभराची ये-जा, हे सगळे तिथे चाले. चौक फरसबंद आणि पायाखालचा होता. याउलट पत्नीच्या मनातले नडुमुट्टम बघण्याचे होते. ओट्टपालमच्या घरी त्या शाळेच्या सुट्टीत जात असत. केरळात मोसमी पाऊस 1 जूनच्या आगेमागे पोचतो आणि महाराष्ट्रातील शाळा जूनच्या मध्यावर उघडतात, त्यामुळे परतीच्या आधीचे ते काही दिवस घराच्या मधोमध कोसळणारा पाऊस बघण्यात जात. एकीच्या आठवणीतला चौक राबण्याचा होता आणि दुसरीच्या आठवणीतला सुट्टीचा. आराखड्यात दोन्हींसाठी एकच चौरस काढलेला होता आणि प्रत्येकीला तो आपलाच वाटला होता. माझ्या मते या प्रकरणातील सर्वांत शिकण्यासारखी जागा ही आहे, कारण वेगळ्या दिसणाऱ्या गोष्टींवर माणसे आधीपासून चर्चा करतात, सारख्या दिसणाऱ्या गोष्टी मात्र तशाच पुढे जातात आणि पाया भरून झाल्यावर आडव्या येतात. इथे त्या मॉडेलवर अडल्या हे कुटुंबाचे नशीब.

दुसरा पेच ईशान्येचा होता. आजींना देवघर ईशान्येला हवे होते आणि स्वयंपाकघर आग्नेयेला. अच्छनच्या हिशेबाने स्वयंपाकघरच ईशान्येला यायला हवे होते, कारण केरळातील घरांत ते बहुधा उत्तरेकडच्या पट्ट्यात, ईशान्येच्या बाजूला असते. एका कोपऱ्यावर दोघांचा हक्क होता आणि दोघेही शास्त्राचा आधार देत होते.

तिसरी गोष्ट मासळीची. ती इतकी नाजूक होती की पहिल्या दोन्ही आराखड्यांच्या चर्चेत तिचा उल्लेखच कोणी केला नाही.

विचारात घेतलेले पर्याय

एक पर्याय घर वाटून घेण्याचा होता: तळमजला वाड्याच्या वळणाचा आणि आजींच्या सोयीचा, वरचा मजला केरळी धाटणीचा. यात वाद लगेच मिटला असता. पण वर कोण राहणार आणि खाली कोण, हेही त्याच वेळी ठरून गेले असते. अच्छन-अम्मांना उतारवयात जिना चढायला लावणे कोणालाच मान्य नव्हते. हा पर्याय एका बैठकीतच मागे पडला.

दुसरा पर्याय पुष्कळ घरांत निवडला जातो. घर आजच्या पद्धतीचे बांधायचे आणि दोन्हीकडच्या खुणा सजावट म्हणून लावायच्या. दर्शनी भागात एखादा कोरीव खांब, भिंतीवर पितळी दिवे, दिवाणखान्यात झोपाळा. खर्च कमी, वाद नाही, नकाशा सोपा. पतीचा कल काही काळ इकडे होता, कारण गृहकर्जाचे हप्ते बांधकामाच्या टप्प्यांनुसार मिळणार होते आणि मध्येच बदल करणे महागात गेले असते. पत्नीचा विरोध स्पष्ट होता: तसेच करायचे असेल तर सदनिकेतही करता येते, त्यासाठी जागा घेऊन घर बांधण्याची गरज नाही.

तिसरा पर्याय वास्तुरचनाकाराने सुचवला. घराचे भाग कसे दिसावेत हे बाजूला ठेवून प्रत्येकाने दिवसाच्या कोणत्या वेळी, वर्षाच्या कोणत्या महिन्यात आपण घरात कुठे आणि काय करत असू हे लिहून द्यायचे. आजींनी सांगितले आणि नातीने लिहून घेतले. अच्छननी स्वतः मराठीत तक्ता करून दिला. कुटुंबाने हा पर्याय निवडला आणि त्या तक्त्यांवरून दुसरा आराखडा सुरू झाला.

तक्त्यांतून आधी लक्षात न आलेल्या बऱ्याच गोष्टी पुढे आल्या. दोन्ही घरांत तिन्हीसांजेला दिवा लावतात. पण आजी दिवा तुळशीपाशी ठेवतात, तर पत्नी पेटवलेला दिवा देवघरातून "दीपम, दीपम" म्हणत घराच्या पुढच्या दारापर्यंत आणतात. म्हणजे देवघर ते पुढचे दार ही वाट सरळ, मोकळी आणि फार वारा न येणारी हवी. ओणमची फुलांची रांगोळी, पूक्कळम, पुढच्या अंगणात दहा दिवस मोठी होत जाते, आणि ओणम व गणपती पुष्कळदा जवळजवळ येतात. गुढीला बाहेरून दिसणारी जागा हवी. विषूला, म्हणजे मल्याळी नववर्षाच्या सणाला, पहाटे उठल्याबरोबर डोळे मिटूनच कणीपर्यंत, म्हणजे देवापुढे मांडलेल्या शुभ वस्तूंच्या पहिल्या दर्शनापर्यंत, जायचे असते, तेव्हा झोपायच्या खोलीपासून देवघरापर्यंत मध्ये पायरी नको. ही शेवटची नोंद अच्छनची. तिचा फायदा गुडघेदुखीच्या आजींना वर्षभर झाला.

ईशान्येचा निर्णय

या पेचात दोघांच्या आग्रहामागचे कारण काय हे वेगळे करून पाहिले गेले. केरळात पावसाळी वारा नैर्ऋत्येकडून येतो, म्हणून ईशान्येच्या चुलीचा धूर आणि ठिणग्या घरावर न येता बाहेर जातात. नाशिकलाही पावसाळ्यातला वारा पश्चिम-नैर्ऋत्येचाच, आणि इथे रस्ता पश्चिमेला असल्याने ईशान्य हा घराचा मागचा कोपरा ठरत होता. स्वयंपाकघर मागे असणे आजींनाही सोयीचेच वाटत होते. अच्छनच्या बाजूचे कारण या जागेवर लागू पडत होते.

आजींच्या बाजूचे कारण तपासताना मात्र त्यांच्याच लक्षात एक गोष्ट आली. वाड्यातले देवघर माजघराला लागून, जरा अंधाऱ्या बाजूला होते आणि ते कोणत्या दिशेला येते हे घरात कोणी कधी पाहिले नव्हते. ईशान्येचा आग्रह त्यांच्या मनात नंतर, नातेवाइकांच्या नव्या सदनिका बघताना आला होता. म्हणून तो खोटा ठरत नाही, परंतु वाड्याची परंपरा म्हणून जो मांडला जात होता तो वाड्यातून आलेला नव्हता. परंपरांविषयी बोलताना माणसे पुष्कळदा दहा-वीस वर्षांपूर्वीची सवय पणजोबांच्या नावावर टाकतात. हे दोन्ही बाजूंना घडते. पुढे कौलांच्या बाबतीत अच्छनच्या बाजूनेही तेच झाले.

निर्णय असा झाला की स्वयंपाकघर घराच्या ईशान्येला आणि देवघर चौकाच्या ईशान्य कोपऱ्याला. दार पश्चिमेकडे ठेवल्याने पूजा करणाऱ्याचे तोंड पूर्वेला राहिले आणि देवघरापासून चौकाच्या उत्तरेकडील पडवीतून पुढच्या दारापर्यंत दिव्यासाठी सरळ वाट मिळाली. दोघांपैकी कोणीही हरले नाही असे म्हणणे सोपे आहे, पण ते पूर्ण खरे नाही. आजींनी आग्नेयेचे स्वयंपाकघर सोडले होते आणि ते त्यांना काही दिवस खटकत राहिले.

अच्छनच्या भावाने फोनवरून आणखी एक मागणी केली होती. केरळातील सुतार-तच्चन घराची मापे कोल या मापात, म्हणजे साधारण 72 सेंटीमीटरच्या पट्टीत, धरतात आणि परिमितीवरून आय, म्हणजे शुभाशुभ ठरवणारी संख्या, काढून ती शुभ आहे का हे पाहतात. चौकाच्या मापात काही इंच इकडेतिकडे करून ही मागणी पूर्ण करता येत होती आणि तसे केले गेले. ज्या मागणीला खर्च जवळजवळ नाही ती लवकर मान्य करावी, म्हणजे महाग मागणीवर बोलताना समोरचा माणूस मोकळा असतो, हे वास्तुरचनाकाराचे धोरण इथे उपयोगी पडले.

मासळीचा प्रश्न केरळातील आजच्या घरांच्या एका सवयीने सुटला. तिथे मुख्य स्वयंपाकघरामागे आणखी एक साधी, राबत्याची जागा असते आणि तिला सर्रास "वर्क एरिया" म्हणतात. इथेही स्वयंपाकघराच्या पूर्वेला पाच फूट रुंदीची जाळीदार जागा काढून तिथे दुसरी शेगडी, दुसरे सिंक आणि वेगळी भांडी ठेवायचे ठरले. आजींनी एवढेच विचारले की दार मिटते का. दार मिटते.

चौकाचा निर्णय

चौकासाठी तीन पर्याय कागदावर होते: दीड फूट खोल आणि पूर्ण उघडा, जमिनीच्या पातळीवर आणि वर पारदर्शक छत, किंवा उथळ, उघडा आणि एका बाजूने चालता येण्याजोगा. पारदर्शक छताची बाजू घेणारे पुष्कळ होते. धूळ नको, कबुतरे नकोत, डिसेंबर-जानेवारीत पारा दहा अंशांखाली गेल्यावर थंडी नको, चोराची भीती नको. ही सर्व कारणे खरी होती. परंतु छत घातले की उन्हाळ्यात वर जाणारी गरम हवा तिथेच अडते आणि एप्रिलच्या नाशिकमध्ये घराचा मध्य भट्टीसारखा तापतो. शिवाय पत्नीचा पाऊसही गेला असता आणि आजींचे वाळवणही, कारण वाळवणाला नुसता उजेड पुरत नाही, ऊन आणि वारा लागतो. दोघींच्या मागण्या पहिल्यांदा एका बाजूला आल्या त्या इथे.

शेवटी चौक भोवतीच्या पडवीपेक्षा फक्त सात इंच, म्हणजे एक पायरी, खाली घेतला. दक्षिणेकडची तीन फुटांची पट्टी पडवीच्या पातळीवरच ठेवली. तिथे खाट टाकता येते, वाळवण घालता येते आणि पायरी न उतरता चौकात बसता येते. फरशी काळ्या पाषाणाची, टाकी लावून खडबडीत ठेवलेली. कौलांच्या कडेला स्टेनलेस स्टीलची जाळी आणि तिच्याखाली गज. पडवी आणि खोल्या यांच्यामध्ये थंडीत ओढून घेता येतील असे सरकते दरवाजे. तुळस मधोमध न ठेवता उत्तरेच्या बाजूला सरकवली, म्हणजे मधली जागा मोकळी राहिली.

पाण्याचा हिशेब आधी केला गेला हे चांगले झाले. चौकाचा चौरस आणि त्यात उतरणाऱ्या कौलांची प्रत्येक बाजूची तीन फुटांची पट्टी धरली तर 18 × 18 फूट, म्हणजे सुमारे 30 चौरस मीटरवरचे पाणी मध्ये येते. नाशिकचा वर्षाचा पाऊस साधारण 700 मिलिमीटर. त्या मानाने वर्षाला एकवीस हजार लिटर. पण नळी वर्षाच्या सरासरीवर ठरवून चालत नाही. तासाभरात 50 मिलिमीटर पाऊस झाला तर दीड हजार लिटर पाणी एका तासात बाहेर जायला हवे. म्हणून चार इंची दोन नळ्या दोन वेगळ्या दिशांना काढल्या, एक तुंबली तरी दुसरी चालावी म्हणून, आणि दोन्ही मुरमापर्यंत नेलेल्या शोषखड्ड्यांत सोडल्या. काळ्या मातीत पाणी सोडले असते तर ते मुरले नसते आणि माती फुगून पायाला त्रास झाला असता.

कौल, लाकूड आणि फरशी

पूर्ण घरावर केरळासारखे तीव्र उताराचे छप्पर घ्यावे असे अच्छनना वाटत होते. नाशिक जिल्ह्यातच इगतपुरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो, हा त्यांचा आवडता मुद्दा. पण घर इगतपुरीला नव्हते, आणि तीन हजार मिलिमीटरचे छप्पर सातशे मिलिमीटरच्या गावात घालण्यात पैसा आणि वरच्या मजल्याची गच्ची दोन्ही जात होते. शेवटी स्लॅब सपाट ठेवून चौकाभोवती आणि पुढच्या ओसरीवर तेवढी मंगळुरी कौले घेतली. दोन्ही घरे ज्या कौलांना वाडवडिलांची मानत होती ती बासेल मिशनने 1865 मध्ये मंगळुरात कारखाना काढल्यानंतरची आहेत, हे कळल्यावर अच्छन हसले आणि तो विषय तिथे संपला.

वाड्याच्या लाकडाचे काम मात्र कोणाच्याही अंदाजापेक्षा कष्टाचे निघाले. तुळया खणखणीत होत्या; वाळवी फक्त भिंतीत गाडलेल्या टोकांना लागली होती. पण लाकूड कापायला नेले तेव्हा आरागिरणीवाल्याने ते उतरवूनच घेतले नाही. जुन्या तुळईत आत मोडून राहिलेले खिळे असतात, ते बाहेरून दिसत नाहीत आणि एका खिळ्याने पट्ट्याचे पाते तुटते. मग सुताराने प्रत्येक तुळई ओट्यावर घेऊन, हातातले लोहचुंबक बोटभर अंतराने फिरवत, जिथे ओढ लागेल तिथे खडूची खूण केली आणि पटाशीने खिळे मोकळे केले. काही खिळे चौकोनी, लोहाराने घडवलेले होते. या कामाचे दिवस कोणत्याही अंदाजपत्रकात धरलेले नव्हते.

या लाकडातून काय करायचे हा वेगळा निर्णय होता. आजींची अपेक्षा खांबांची होती. ओसरीत दोन खांब उभे राहिले. बाकीच्या लाकडातून अच्छनच्या मागणीचे चारुपडी करायचे ठरले. केरळातील घरांच्या पुढच्या भागात ओसरीच्या कडेने लाकडी बैठक असते आणि तिची पट्ट्यांची पाठ बाहेरच्या बाजूला कललेली असते, तेच चारुपडी. सुताराने ते कधी केलेले नव्हते. त्याने छायाचित्रावरून पहिला तुकडा केला तो सरळ पाठीचा, देवळातल्या कठड्यासारखा. अच्छन त्यावर बसले, काही बोलले नाहीत आणि उठून उभे राहिले. मग सुताराने त्यांना एका पाटावर भिंतीपासून दूर बसवले, पाठीमागे फळी धरली आणि ते "हां, इथे" म्हणेपर्यंत ती कलती करत नेली. तो कोन पुठ्ठ्यावर उतरवून घेतला आणि सगळ्या पट्ट्या त्या पुठ्ठ्यावरून कापल्या. छायाचित्रावरून आकार मिळतो, बसण्याची सोय माणसावरूनच मोजावी लागते.

चारुपडीमुळे झोपाळ्याची अडचण झाली. ओसरी आठ फूट खोल. कडेला दीड-दोन फूट चारुपडी गेल्यावर झोपाळ्याला पुढेमागे झोका घ्यायला जागा उरेना. ओसरी वाढवली तर दिवाणखाना लहान होत होता. आजींनी स्वतःहून झोपाळा आत, चौकाच्या पश्चिमेकडील पडवीत घ्यायला सांगितले. ओसरीत बसले की येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाशी बोलावे लागते, आत बसले की नुसते बसता येते, असे त्यांचे म्हणणे होते. आराखड्यात त्या पडवीची रुंदी त्यासाठी दोन फुटांनी वाढवावी लागली.

लाल ऑक्साइडच्या फरशीचा नमुना एप्रिलमध्ये केला तेव्हा त्याला जाळीसारख्या बारीक भेगा पडल्या. कोरड्या, तापलेल्या हवेत सिमेंट पाणी धरण्याआधीच सुकत होते. काम पावसाळ्यानंतर घेतले, मोठ्या सलग फरशीऐवजी काचेच्या पट्ट्या घालून लहान चौकोन केले आणि ऑक्साइड ओसरी व उत्तरेच्या पडवीपुरतेच ठेवले. थोड्या भेगा तरीही आल्याच. अच्छनच्या मते त्या असायच्याच.

निष्पत्ती

कुटुंब 2025 च्या उन्हाळ्यात राहायला आले. त्या वर्षी गणेश चतुर्थी 27 ऑगस्टला होती आणि तिरुवोणम, म्हणजे ओणमचा मुख्य दिवस, 5 सप्टेंबरला, म्हणजे अनंत चतुर्दशीच्या आदल्या दिवशी. गणपती आणि पूक्कळम जवळजवळ तेच दहा दिवस घरात होते. तक्त्यांमुळे दोघांची जागा आधीच वेगळी ठरलेली असल्याने दर्शनाला येणाऱ्यांची वाट फुलांवरून गेली नाही. चौकातले पाणी त्या पावसाळ्यात एकदाही पडवीवर आले नाही. पत्नी पाऊस बघत झोपाळ्यावर बसतात. झोपाळा आजींसाठी आत घेतला होता, पण पावसात तो त्यांना सहसा मिळत नाही. एप्रिल-मे महिन्यांत चौकात ऊन भरपूर असते आणि दक्षिणेची पट्टी वाळवणाने भरलेली असते.

अडचणीही राहिल्या आहेत. हिवाळ्यात वारा फिरून ईशान्येकडून येतो आणि वर्क एरियाचा वास आत, चौकापर्यंत पोचतो. पावसाळी वाऱ्याचा विचार करताना हिवाळ्याचा वारा कोणी धरला नव्हता. सध्या त्या महिन्यांत पूर्वेची जाळी अर्धी झाकून वर पंखा लावला आहे; त्याने वास कमी झाला, गेला नाही. चौकावरच्या जाळीत सुकलेली पाने अडकतात आणि ती काढायला शिडी लागते. सरकते दरवाजे जड झाले आहेत आणि आजी ते एकट्याने ओढू शकत नाहीत, त्यामुळे थंडीत पहाटे त्या खोलीतच थांबतात.

काय वेगळे करता आले असते

वापराचे तक्ते पहिल्या आराखड्याआधीच करायला हवे होते. मॉडेल पाहून वाद सुरू झाला तोवर प्रत्येकाच्या मनात एक चित्र पक्के झाले होते आणि ते सोडताना काहीतरी गमावल्यासारखे वाटत होते. कोऱ्या कागदावर तेच प्रश्न विचारले असते तर पत्नीला दीड फूट खोल नडुमुट्टम सोडावे लागले नसते, कारण ते मिळाल्याचे त्यांना वाटलेच नसते.

जुन्या लाकडासाठी वेगळा वेळ आणि वेगळी रक्कम सुरुवातीलाच धरायला हवी. ते फुकट मिळते म्हणून अंदाजपत्रकात शून्य लिहिले जाते. प्रत्यक्षात खिळे काढणे, टोके कापणे आणि वाळवीचा उपाय मिळून खर्च नव्या लाकडाच्या जवळ जातो. कुटुंबाने तो आनंदाने केला, पण बँकेच्या हप्त्यांच्या वेळापत्रकात तो बसत नव्हता.

सर्वांत महत्त्वाची उणीव अम्मांच्या बाबतीत राहिली. ओट्टपालमचे घर त्यांच्या आईचे. त्या घरात बालपणापासून राबलेल्या त्या एकट्याच. तरीही त्या घराविषयी बैठकांत बोलले ते अच्छन, कारण त्यांचे मराठी अस्खलित आणि अम्मांचे कामापुरते; आणि लिहिले तेही अच्छननीच. आजींनी एकदा "विहीणबाईंना काय हवंय ते कोणी विचारलं का?" असे म्हटले होते, तेव्हा पाया भरून झाला होता. मुलीने मल्याळीत विचारले तेव्हा अम्मांनी चौकाविषयी, छपराविषयी किंवा चारुपडीविषयी काहीच मागितले नाही. त्यांची मागणी एकच होती: मासळी साफ करायला खाली बसता येईल असा बुटका ओटा, त्यावर गुडघ्याच्या उंचीला नळ आणि पाणी बाहेर जायला उतार. वर्क एरियात तोवर उभ्याने काम करायचे सिंक आणि त्याची नळजोडणी भिंतीत गेली होती. अम्मांनी ते वर्षभर वापरले, बहुधा बाहेर पाट टाकून आणि बादली घेऊन. येत्या उन्हाळ्यात ती फरशी फोडून बुटका ओटा करायचे आणि त्याच वेळी पूर्वेच्या जाळीला हिवाळ्यापुरती झडप बसवायचे काम सुताराला आणि प्लंबरला सांगितले आहे; मापे या वेळी अम्मांना बसवून घेतली आहेत.